शपथेवर मिळालेलं इंजिन

कार्तिक शुद्ध ५, सोमवार. फसली १३५०

ही कोरी वही दुकानाच्या वाटणीत माझ्याकडे आली. थोरले बंधू गुरुसिद्धप्पा यांनी गादी घेतली, गोदाम घेतलं. मला माझ्या वाट्याची रक्कम मिळाली आणि सामानात चुकून ही वही. रकमेची मोटार झाली. वहीचं काय करावं ते कळेना, म्हणून लिहायला बसलो. इरम्मा होती तोवर दिवसभराचं सगळं तिला सांगून मोकळा व्हायचो. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

घरात आई आहे, आमची अव्वा, पण ती माझ्याशी बोलत नाही. इरम्मा गेली त्या दिवसापासून मी कपाळाला विभूती लावलेली नाही. इष्टलिंगाची डबी गळ्यात आहे, पण ती उघडून पूजा केलेली नाही. ज्याने भरल्या संसारातून बायको उचलली, त्याला रोज सकाळी अंघोळ कशाला घालायची, असं मी अव्वाला एकदाच सुनावलं. तेव्हापासून ती ‘वाढू का’ विचारते आणि वाढते. तेवढंच.

मोटार जुनी आहे, पण सोलापूरच्या सोमलिंग शेटनी सहा महिन्यांची हमी दिली आहे. तीही तोंडी. आमच्यातलाच माणूस, कपाळभर विभूती, म्हटलं कागद कशाला. नळदुर्गाहून तुळजापूर आणि तुळजापूरहून सोलापूर अशी भवानीच्या यात्रेकरूंची ने-आण करायची. गाडी चालली तर मी माझा मालक. नाही चालली तर थोरल्यांच्या गादीखाली बसायचं. ‘सहा महिन्यांत येतोय परत,’ असं त्यांनी भर बाजारात म्हणून ठेवलंय.

आज सकाळी इंजिनात तेल घालत होतो, तर अव्वा येऊन उभी राहिली. म्हणाली, “ह्येचं तोंड कुठलं म्हनायचं?” मी तेलाचं झाकण दाखवलं. “हे. इथनंच पितं ते.” एवढंच बोलणं झालं, पण महिन्याभरात एवढंही झालं नव्हतं.

कार्तिक वद्य ३, सोमवार

गाडीला गिऱ्हाईक बरं आहे. आज एक लातूरकडचं कुटुंब होतं, सहा माणसं. मागे बसून सगळी वाट भांडत होती, हसत होती, एकमेकांच्या हातातलं खात होती. मी आरशातून बघत होतो. उतरताना म्हातारीने मला विचारलं, “लेकरं किती?” मी दोन म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

सकाळचा क्रम असा, की मी गाडीचं झाकण उघडतो, तेल बघतो, पाणी भरतो आणि भाकरी खायला आत येतो. तेवढ्यात अव्वा पूजा आटपून विभूती घेऊन बाहेर जाते. गाडीच्या दोन्ही दिव्यांना तीन तीन पट्टे ओढते. मग पुढे वाकून बराच वेळ पुटपुटत बसते. मला हसू येतं आणि रागही येतो. पोटच्या पोराशी बोलायला हिला शब्द नाहीत आणि लोखंडाशी गुजगोष्टी चालतात. बाजारातले लोक आमच्या गाडीला ‘जंगमाची मोटार’ म्हणू लागलेत. म्हणेनात.

मार्गशीर्ष शुद्ध ४, मंगळवार

घात झाला. तुळजापूरहून रिकामा परतत होतो. दोन दिवसांपासून इंजिनात टकटक होतीच, मी कानाआड केली. आज आधी टकटक वाढली, मग आत कुणी घण घातल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी थांबली. हँडल मारून मारून खांदा निखळायची वेळ आली. हँडल हलेचना.

रस्त्याच्या कडेला तीन तास बसलो. समोर ज्वारी वाऱ्यावर डुलत होती. सांगायचं कुणाला, हाच विचार डोक्यात येत होता. गाडी मोडल्याचं दुःख एक आणि ते सांगायला माणूस नाही याचं दुसरं. दुसरंच मोठं वाटलं.

मार्गशीर्ष शुद्ध ६, गुरुवार

बिराप्पा धनगराची बैलजोडी ठरवून मोटार सोलापूरला ओढत नेली. आमच्या संस्थानाच्या हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर कारकून बाहेर आला, बैलांकडे बघितलं, मोटारीकडे बघितलं. म्हणाला, “मियाँ, जकात कशाची लावू? बैलगाडीची का मोटारीची?” सगळा नाका हसला. मीही हसलो. नाही हसलो तर रडलो असतो.

सोमलिंग शेट कारखान्याच्या दारात उभे होते. पन्नाशीचे, जाडजूड, आवाज मात्र बारीक. मी आल्या आल्या तोंड सोडलं. म्हटलं, मोडकं इंजिन रंग लावून माझ्या गळ्यात मारलंत, हीच का तुमची हमी? त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मला आधी पाणी दिलं. म्हणाले, “वीरभद्रप्पा, हमी दिलीया तर दिलीया. पण इंजन उघडून बघू द्या की आधी.”

ही असली गोड माणसंच लबाड असतात. मी इथल्या मठात उतरलोय.

मार्गशीर्ष शुद्ध ९, रविवार

आज इंजिन उघडलं. शेटजींचा मिस्त्री दस्तगीर याने खालचं तेलाचं भांडं सोडवलं आणि त्यात बोट घातलं. बोटाला करडा चिखल आला. त्याने तो चिमटीत चोळला, वास घेतला आणि म्हणाला, “शेटजी, ये राख है जी. तेल में राख.” राखेने तेलाच्या वाटा बुजल्या आणि आतलं सगळं खरवडून निघालं, असं त्याचं म्हणणं.

माझं डोकं फिरलं. जुनं इंजिन वाजू नये म्हणून हे लोक आत भुसा, राख, वाट्टेल ते कोंबतात हे मी ऐकून होतो. मी दस्तगीरच्या तोंडावर म्हटलं, “विकायच्या आधी तूच घातलीस.” तो उठून उभा राहिला. म्हणाला, “अल्ला की कसम, बीस बरस हो गए. ऐसा काम नहीं किया मैं.” मी म्हटलं, “मग काय माझ्या घरात राख घातली?”

शेटजी म्हणाले, “लिंग हातात घेऊन सांगा. तुमच्या घरच्या कुणाचा हात ह्या इंजनाला लागला नाही. मी मानतो. त्या शपथेवर खोटं बोलणारा मला अजून भेटला नाही.”

दोन वर्षांनी डबी उघडली. लिंग तळहातावर घेतलं आणि म्हणालो, “माझ्या घरच्या कुणाचा हात इंजिनाला लागलेला नाही.” खरंच तर आहे. घरात आहे कोण? एक मी आणि एक सत्तरीची म्हातारी.

शेटजींनी मान हलवली. दस्तगीरला म्हणाले, “तू आता दुसरीकडं बघ.” दस्तगीरने हात पुसले, टोपी घातली आणि गेला. न्याय झाला. तरी मी त्याच्याकडे बघितलं नाही, हे लिहून ठेवतो.

मार्गशीर्ष वद्य ३, मंगळवार

शेटजींनी दुसऱ्या गाडीतून काढलेलं चांगलं इंजिन बसवून दिलं. नळदुर्गात शिरलो तो मुद्दाम बाजारातून, भोंगा वाजवत. थोरले दुकानाच्या पायरीवर होते. त्यांनी बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं. मी चार ठिकाणी थांबून सांगितलं, सोलापूरचा सोमलिंग पक्का लबाड, पण मी त्याला सरळ केला. लोक म्हणाले, “वा वीरभद्रप्पा!”

मग घरी आलो. एवढी लढाई जिंकून आलो होतो. अव्वाने “वाढू का” विचारलं.

वेळ अमावस्या, शनिवार

आज अख्खं गाव शेतात. प्रत्येकाच्या रानात कडब्याची कोप, आत पूजा, भज्जी, आंबील आणि माणसांचा गोंधळ. थोरल्यांच्या शेतावर आम्हाला बोलावणं नव्हतं. आमच्या वाटणीला शेत आलंच नाही, त्यामुळे आम्ही दोघं घरात. अव्वाने एवढीशी आंबील केली. दोन वाट्या समोरासमोर. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, तेही शेतात गेलं असणार. मी गाडी पुसत बसलो. पुसून झाल्यावर पुन्हा पुसली.

पौष शुद्ध २, सोमवार

कसं लिहू?

सकाळी भाकरी अर्धी टाकून उठलो, कारण पाण्याची बादली बाहेर राहिली होती. अव्वा गाडीवर वाकली होती. तेलाचं झाकण तिच्या डाव्या हातात होतं. उजव्या हाताच्या चिमटीत विभूती होती आणि पुटपुटत तिने ती आत सोडली. मग पदराने तोंड पुसलं. गाडीचं तोंड. झाकण बसवलं, अगदी मी बसवतो तसं, फिरवून घट्ट.

मी विचारलं, “अव्वा, हे किती दिवसांपासून करतेस?”

“रोजच. पयल्यापासनं. तूच तर तोंड दावलंस की.”

“पण का?”

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुज्या कपाळाला तू लावू देत न्हाईस. घाटातनं जातोस, परक्या मुलखात जातोस. म्हनलं, ज्येच्या पोटात बसून जातोस त्येच्या तरी पोटात शिवाचं नाव असू दे.”

मला ओरडायचं होतं. मी मातीत बसलो आणि म्हणालो, “त्याला नको आता. मला लाव.” तिने आधी नीट ऐकलं नाही असं केलं. मग तिची तीन बोटं कपाळावरून गेली. बोटं खरखरीत होती. दोन वर्षांनी मला कुणीतरी हात लावला होता.

दुपारी इंजिनातलं सगळं तेल काढलं. करडं झालं होतं. रॉकेलने धुऊन नवं तेल घातलं. थोडक्यात वाचलं. अव्वा म्हणाली, “किती जपतोस रं त्येला.”

पौष शुद्ध ५, गुरुवार

तीन दिवस स्वतःशी वाद घालतोय. शपथ खोटी होती, पण मी खोटं बोललो नाही. मला जे माहीत होतं ते मी बोललो. शेटजींकडे वीस इंजिनं आहेत, माझ्याकडे हे एकच. शाकंभरीचं नवरात्र तोंडावर आलंय, वर्षाची कमाई ह्या आठ दिवसांत. सांगायचंच तर नंतरही सांगता येईल.

आणि घरात अव्वा बोलायला लागलीय. आज तिने मला इरम्माच्या हातचं कारळाचं तिखट कसं असायचं ते सांगितलं. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, असं आम्ही दोघंही म्हणालो. हे सगळं घालवू का आता?

पौष शुद्ध १०, मंगळवार

तुळजापुरात पाय ठेवायला जागा नाही. गाडी घोड्यासारखी पळतेय. सोलापूरच्या मोटारतळावर गिऱ्हाइकाची वाट बघत होतो, तर बसच्या टपावर एक माणूस यात्रेकरूंची गाठोडी चढवत होता. दस्तगीर. वीस वर्षांचा मिस्त्री हमाली करत होता. ‘मालकाचं इंजिन बिघडवलं’ असं नाव झाल्यावर त्याला कोण ठेवणार?

त्याने मला बघितलं. मला वाटलं शिवी देईल. त्याने कान माझ्या गाडीकडे केला, इंजिन चालूच होतं, आणि वरूनच म्हणाला, “अब ठीक चल रहा है जी.” आणि पुढचं गाठोडं उचललं.

पौष शुद्ध १२, गुरुवार

आज जाऊन सांगितलं. शेटजी एकटे होते. मी उभ्यानेच बोललो. बसायची हिंमत झाली नाही.

“घरच्याच हाताने राख गेली. विभूती. माझी आई घालत होती. मला माहीत नव्हतं. पण दहा दिवसांपासून माहीत आहे.”

त्यांच्या मनाला ते दहा दिवस लागले. इंजिनापेक्षा जास्त लागले, हे चेहऱ्यावर दिसलं. म्हणाले, “इंजनाचं जाऊ द्या. तुमच्या एका शब्दावर मी वीस वर्षांचा माणूस घालवला. त्याच्या घरी मी काय तोंड दाखवू?”

मी म्हटलं, दोघं जाऊ. गेलो. दस्तगीर अंगणात बसला होता. मी त्याच्यासमोर सगळं बोललो आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला. तो मागे सरकला. म्हणाला, “मेरे पाँव मत छुओ जी. बाजार में बोलो.” बरोबर आहे त्याचं. त्याला घेऊन मी मोटारतळावर गेलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, याचा काही दोष नाही, इंजिन माझ्या चुकीने गेलं. नळदुर्गातही हेच सांगेन. अव्वाचं नाव सोडून.

इंजिनाच्या भरपाईत गाडी शेटजींची झाली. मीच किल्ली पुढे केली, त्यांनी नको म्हटलं नाही. “चालवायची तर माझ्याकडं नोकरीवर चालवा,” म्हणाले. म्हणजे थोरले खरे ठरले, फक्त गादी दुसऱ्याची. सहा महिनेसुद्धा झाले नाहीत.

बसने परत आलो. अव्वाला सांगितलं, इंजिन पुन्हा बिघडलं, गाडी शेटजींकडे ठेवून आलो. दुसरं काय सांगणार?

पौष शुद्ध १४, रविवार

काल दुपारी मी बाजारात सांगितलं, की चूक माझी, मीच इंजिनाची निगा ठेवली नाही. लोक पोट धरून हसले. संध्याकाळपर्यंत ते अव्वाच्या कानावर गेलं. ती भडकली. “तू निगा ठेवली न्हाईस? म्या रोज ह्या डोळ्यांनी बगितलंय. त्यो शेट तुला खोटं बोलायला लावतोय. चल. म्या येती.”

मी हजार सबबी सांगितल्या. सकाळी बघतो तर इरकल नेसून, काठी घेऊन दारात उभी. इरम्मा गेल्यापासून ती गावाबाहेर पडलेली नव्हती. मला तिच्याबरोबर जावंच लागलं.

कारखान्यात सगळे होते. शेटजी, चार कामगार आणि दस्तगीर, तो कालपासून परत कामावर आलाय. बाहेर दोन गिऱ्हाइकं. अव्वा मधोमध उभी राहिली.

“सोमलिंग शेट म्हंजी तुमीच न्हवं? माझ्या ल्योकाला दोन बारीला मोडकं इंजन दिलंसा. आनि वर त्याच्याकडनं बोलून घेतलंसा की चूक त्येची! म्या साक्ष हाय. रोज तेल पाजायचा, पानी पाजायचा, पोटच्या लेकरावानी पुसायचा. त्यानं काय कमी केलं न्हाई. म्या बी केलं न्हाई. म्या तर रोज सकाळी शिवाचं नाव घिऊन त्येच्या तोंडात...”

“आक्का,” शेटजी मोठ्याने म्हणाले. एवढा मोठा आवाज त्यांच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. “आक्का, आधी बसा. उन्हाचं आलाय.” त्यांनी स्वतः खुर्ची आणली. तिच्या कपाळाकडे त्यांनी एकदा बघितलं, मग माझ्या कपाळाकडे. मग सगळ्या कामगारांदेखत, गिऱ्हाइकांदेखत ते म्हणाले, “चूक आमची हाय, आक्का. दोन्ही इंजनं मुळातच खराब होती. तुमच्या मुलाचा काही दोष नाही.”

मी दस्तगीरकडे बघितलं. त्याला सगळं माहीत होतं. आत्ता त्याने तोंड उघडलं असतं तरी मी त्याला काही म्हणू शकलो नसतो. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

“हौ अम्मा,” तो म्हणाला. “मैं ठीक से देखा नहीं. हमारीच गलती.”

अव्वाचा राग उतरला. तिने पाणी मागितलं, प्याली, शेटजींची चौकशी केली, घरी कोण कोण असतं ते विचारलं. निघताना मी मागे राहिलो. मला शेटजींना काहीतरी म्हणायचं होतं. तेच म्हणाले, “उद्यापासून सातला या. उशीर चालणार नाही.” दस्तगीरने मान वर केली नाही.

बसमध्ये आम्हाला पुढची जागा मिळाली. अव्वा खिडकीशी बसली. सोलापूर मागे पडलं तशी तिची चर्या निवळली. म्हणाली, “मानूस चांगला निगाला रं. धंदेवाईक असून चारचौघांत चूक कबूल केली. त्यो मिस्त्रीबी. आसं काळीज लागतं.” मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “तू बी शिक त्येंच्याकडनं काईतरी.”

“व्हय अव्वा,” मी म्हणालो. नळदुर्ग येईपर्यंत ती बोलत होती आणि मी व्हय, व्हय म्हणत होतो.